कपाटातला बुधला

सोमवार, ७ जून १९७६

ही वही ट्रेव्हरची, माझ्या नवऱ्याची. कबुतरांच्या शर्यतींच्या वेळा टिपायला त्याने आणली होती. दोन पानं भरली आणि जानेवारीत तो गेला. कोरी पानं टाकवत नाहीत म्हणून आता मी लिहिते आहे. काही टाकवत नाही हाच माझा रोग, आणि आजचा सगळा उद्योग त्यातूनच झाला.

आमच्या चॅपलला दर महिन्याच्या प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक पेला घ्यायला, द्राक्षरस पुरवणारं कार्डिफचं दुकान बंद पडलं. पेले भरण्याचं काम आईनंतर माझ्याकडे आलं आहे. पाळक मिस्टर गेलर्ट म्हणाले, "ओल्वेनबाई, तुम्हीच काहीतरी बघा. पण नशेचा थेंब नको हं." जशी काही मी ब्रँडीच आणणार होते! आजोबांच्या काळापासून आमच्या चॅपलात नशेची वाइन आलेली नाही. मी स्वतः बाराव्या वर्षी सगळ्यांसमोर उभी राहून दारू न पिण्याची शपथ घेतली, आणि त्या शपथेची निळी फीत अजून शिवणाच्या डब्यात आहे.

औषधांच्या दुकानात आटवलेल्या द्राक्षरसाचे डबे मिळाले. काकवीसारखा दाट; उकळून गार केलेलं पाणी घातलं की रस तयार. काल प्रभुभोजन झालं, कुणी नाव ठेवलं नाही. पण आमचे पेले अंगठ्याएवढे. जवळजवळ अख्खा डबा उरला. उघडा डबा या हवेत किती टिकणार? डब्याच्या मागेच छापलं होतं: पाणी, साखर आणि यीस्ट घाला, तीन आठवड्यांत वाइन. आज दुकानातल्या मुलीने यीस्ट, काचेचा बुधला, रबरी नळी असं सगळं काढून दिलं आणि म्हणाली, "खोऱ्यातल्या निम्म्या बायका करतात, मावशी. लाजताय काय?"

लाजण्यासारखं काहीच नाही. घरची वाइन म्हणजे दारू नव्हे. आई एल्डरबेरीची करायची, तीही शपथ घेतलेली. खोकल्याला, पोटदुखीला, आल्यागेल्याला द्यायची. दारू म्हणजे बाबा पबमधून पोटात घालून आणायचे ती.

बुधला गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, चादरींच्या खालच्या फळीवर ठेवला आहे. एम्रिसला अजून सांगितलेलं नाही.

गुरुवार, १० जून

सांगावं लागलं. बुधल्याच्या तोंडाशी वाकडी काचनळी असते, तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडे निघतात. दिवसभर गुबुक, गुबुक. एम्रिस जिन्यात थांबला.

"ताई, कपाटात कोण बोलतंय?"

"टाकी."

"टाकीला द्राक्षांचा वास कधीपासून यायला लागला गं?"

त्याचं नाक अजून तसंच आहे. एम्रिस माझा धाकटा भाऊ. कोळशाच्या खाणीत, कामगारांना दिवे द्यायच्या दिवाखोलीत कामाला आहे. पाच वर्षांपूर्वी त्याच्या बायकोने त्याला कोटासकट बाहेर काढलं, तेव्हापासून माझ्या मागच्या खोलीत राहतो. त्याआधी त्याने काय नाही केलं? बाबांच्या वरताण. खोटं बोलायचा ते डोळ्यांत बघून. माझ्या पर्समधून चोरी करून मलाच शोधायला मदत करायचा. आता पाच वर्षं थेंब घेतलेला नाही, असं तो म्हणतो, आणि मीही तसंच मानते.

मी खरं सांगितलं तर तो जिन्याच्या पायरीवर बसलाच. म्हणाला, "तुला दुसरं काही सापडलं नाही करायला?"

"माझ्या घरात काय करायचं ते मी तुला विचारून करू?"

"घर तुझंच आहे. मी ते कपाट उघडणार नाही. फक्त माझे टॉवेल बाहेर काढून ठेव."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. पाच वर्षांनंतर माणसाला एका बंद कपाटाची भीती वाटावी? मग हा बरा तो कसला झाला? आणि यंदा तर त्याने जपायलाच हवं. त्याची मुलगी नेरिस हिने पहिल्यांदाच आपल्या लेकीला, लोइसला, एक आठवडा त्याच्याकडे सोडायचं कबूल केलं आहे. ऑगस्टच्या शेवटी, पोर्थकॉलला, समुद्राकाठच्या कॅरव्हॅनमध्ये, भाड्याच्या चाकांवरच्या घरात. लोइस सहा वर्षांची आहे आणि आजोबांना तिने आजवर आईच्या नजरेसमोरच पाहिलं आहे. नेरिसची अट एकच: एक थेंब जरी कळला, तरी पुन्हा तोंड दाखवायचं नाही. एम्रिसने आत्तापासूनच लाल बादली आणि फावडं आणून पलंगाखाली ठेवलं आहे. 

मंगळवार, २९ जून

उन्हाने कहर केला आहे. डांबर चपलांना चिकटतं. अशी हवा माझ्या उभ्या जन्मात पाहिली नाही.

बुधला शांत झाला. काल रबरी नळीने वरचा नितळ भाग दुसऱ्या बुधल्यात ओढून घेतला, तळाचा गाळ मागे राहिला. नळीचं टोक तोंडाने ओढावं लागतं, त्यात थोडं तोंडात जातंच. मग कान तुटलेल्या कपात घेऊन नीट चव पाहिली. चव घेणं म्हणजे पिणं नव्हे. भाजी करणारीने मीठ बघायचं नाही की काय?

चांगली झाली आहे! जरा तुरट, पण चांगली. मीच केली हे खरं वाटेना. ट्रेव्हर असता तर म्हणाला असता, ओल्वेन, तू आता हॉटेल काढ.

काल रात्री जानेवारीनंतर पहिल्यांदा सकाळपर्यंत सलग झोप लागली.

सोमवार, ५ जुलै

काल प्रभुभोजन व्यवस्थित झालं. नव्या डब्यातलं उरलेलं रिकाम्या झालेल्या बुधल्यात घातलं, ते ओघानेच आलं.

शेजारच्या पार्फिटबाईंना गुडघ्यांसाठी एक बाटली दिली. त्यांचे यजमान आमच्या चॅपलचे डीकन, म्हणजे कारभारी होते, तेव्हा बाटली मी पिठाच्या पिशवीत घालून नेली. बाईंनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "गुडघ्यापर्यंत पोचली गं बाई. अजून घोट्यापर्यंत जायची आहे."

खूप दिवसांनी मी पोट धरून हसले.

शनिवार, १७ जुलै

संध्याकाळ खायला उठते. ट्रेव्हर असताना सहाला चहा, मग कबुतरं, मग रेडिओ, आणि कधी नऊ वाजायचे कळायचं नाही. आता सहानंतरचा वेळ सरतच नाही. एम्रिसची पाळी दुपारची असली की घर इतकं गप्प असतं की मी भांडी मुद्दाम आदळते.

चव घ्यायची वेळ मी सहाची ठेवली आहे. एक कप. वाइन दिवसागणिक कशी बदलते ते पाहायला हवं ना. डब्यावरच लिहिलं आहे.

शिवणवर्गाला दोनदा गेले नाही. उन्हाने डोकं धरतं. एम्रिसने आज येताना माशांचं पुडकं आणलं आणि समोर बसून राहिला.

"जेवलीस का?"

"जेवेन."

"काल पण हेच म्हणालीस."

"माझी आई होऊ नकोस, एम्रिस."

मग म्हणाला, "ताई, मंगळवारी माझ्याबरोबर चल ना एकदा." मंगळवारी तो गावात त्याच्या सभेला जातो, दारू सोडलेली माणसं एकत्र बसून आपापलं सांगतात. पाच वर्षांत मला कधी बोलावलं नव्हतं. मी विचारलं, का रे, एकट्याने जायची भीती वाटते? तो चहाचा पेला फिरवत राहिला. माझ्या मनात आलं, हा डगमगतो आहे. ज्याला आधार लागतो तोच असा सोबत मागतो.

गुरुवार, २९ जुलै

आता नळही बंद. संध्याकाळी सात ते सकाळी आठ पाणी नाही. बायका बादल्या, टब, मुलांच्या नहाण्याची भांडी, सगळं भरून ठेवतात. पार्फिटबाईंनी तर फुलदाण्याही भरल्या. मी आंघोळीचं पाणी बागेतल्या घेवड्याला घालते. वाया एक वाटी जात नाही.

आज घाई झाली. वाइनचं आणि रसाचं, दोन्ही कामं सात वाजायच्या आत उरकायची होती. दुसरी वाइन नितळली होती, ती नव्या बुधल्यात ओढून घेतली. नळी, नरसाळं, रिकामा बुधला, सगळं एका टोपात धुतलं आणि त्याच पाण्यात प्रभुभोजनाच्या बाटल्या विसळल्या. नेहमी मी उकळतं पाणी वापरते, पण आज कुठलं आणू? पाणी काही घाण दिसत नव्हतं. मग रस कालवून त्याच नरसाळ्याने बाटल्यांत भरला आणि फडताळात ठेवला. आई म्हणाली असती, शाबास पोरी, पाण्याचं सोनं केलंस.

रविवार, १ ऑगस्ट

प्रभुभोजन फार सुंदर झालं. खिडक्या उघड्या होत्या तरी आत भट्टी. मिस्टर गेलर्ट घामाने निथळत होते. पेल्यांची तबकं फिरली, सगळ्यांनी पेले एकदम उचलले, आणि मागच्या बाकांवरून हलकीशी "अं!" अशी कुजबुज आली. नंतर दारात तीन म्हाताऱ्यांनी माझा हात धरला. या वेळचा रस म्हणे जिभेवर नाचत होता. "डबा कुठला गं, ओल्वेन? हाच आणत जा." पार्फिटबाई कानात म्हणाल्या, "आज देव जरा मोकळा वाटला."

मला आनंद व्हायला हवा होता. पण मी एम्रिसकडे पाहत होते. पेला त्याच्या ओठांशी गेला आणि तो दचकला. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्याने रुमाल काढला, तोंडाशी धरला, आणि मान खाली घालून बसला. खांदे हलत होते. मला वाटलं, भरून आलं असेल. पण बाहेर आल्यावर त्याचा चेहरा पांढराफटक, आणि माझ्याशी न बोलता तो सरळ डोंगराच्या वाटेने निघून गेला. परत आला तो अंधार पडल्यावर.

माणूस एवढा वेळ कुठे असतो?

मंगळवार, ३ ऑगस्ट

एम्रिसने आज न्याहरीला विचारलं, "परवाचा रस तू नेहमीसारखाच केला होतास?"

"म्हणजे?"

"काही नाही. पुढच्या महिन्याचा मी करतो. तुझी दगदग कमी होईल."

चमचा माझ्या हातातच राहिला. याला डबा हवा आहे, चोरून वाइन करायला. पाच वर्षं याने चॅपलात साधी खुर्ची उचलली नाही, आणि आता एकदम प्रभुभोजनाच्या रसाचा कळवळा?

मी म्हटलं, "ते आमच्या आईचं काम आहे. दारूबाजाच्या हातात देणार नाही."

तोंडातून निघून गेलं. तो उठला, बशी धुतली, उलटी ठेवली आणि म्हणाला, "बरोबर आहे तुझं." मग दारातून, "मंगळवार आहे आज. अजूनही विचारतो, येतेस?"

नाही गेले. त्याच्या त्या शांतपणाचाच मला आता राग येतो. पूर्वी खोटं बोलताना तो असाच गार असायचा.

रविवार, ८ ऑगस्ट

बुधल्यातली पातळी खाली गेली आहे. जुन्या बुधल्याची.

उकाड्याने उडून जाईल म्हणावं तर तोंड बंद आहे. मी रोज एक कप घेते तो धरला तरी हिशेब लागत नाही. शिवाय आज सकाळी कान तुटलेला कप कपाटासमोर जमिनीवर होता, तळाशी लाल डाग. मी रात्री झोपताना तो धुऊन ठेवला होता. ठेवला होताच. अलीकडे उकाड्याने रात्री झोपमोड होते, मी खाली जाऊन येते, पण कप जमिनीवर ठेवणाऱ्यांतली मी नाही.

आणि दुपारी पाहते तर दोन्ही बुधले कपाटात नाहीत! एम्रिसने ते मागच्या कोळशाच्या खोलीत नेऊन ठेवले होते, पोत्याखाली. म्हणे, "कपाटात फार गरम होतं, वाइन बिघडेल." कपाट उघडणार नाही म्हणाला होता ना? मी एकेक करून परत आणले. माझे हात थरथरत होते, संतापाने.

आता बुधल्याला चिकटपट्टी लावली आहे, बरोबर पातळीला. माझा रोजचा कप धरून खाली दुसरी पट्टीही लावली. बघू.

बाबांच्या वेळी आई बाटल्यांना दोरा बांधायची. मी त्या दोऱ्याला हसायचे. आज मी तेच करते आहे, आणि पलंगाखाली लाल बादली तशीच आहे. त्या पोरीला समुद्रावर नेऊन हा प्यायला, आणि ती पाण्यात गेली, तर?

शुक्रवार, १३ ऑगस्ट

पातळी दोन्ही पट्ट्यांच्या खाली. कप पुन्हा जमिनीवर.

मला विचार करायला वेळ नव्हता. नाक्यावरच्या फोनपेटीसमोर रांग होती, मी उन्हात उभी राहिले. नेरिसला सांगितलं.

 ती म्हणाली, "आत्या, तू त्यांना पिताना पाहिलंस?"

"पिताना नाही. पण पाच वर्षं मी त्याला ओळखते आहे, आणि त्याआधीची चाळीस. तुझ्या मुलीचा प्रश्न आहे म्हणून सांगते. नाहीतर भावाची चुगली करायची मला हौस आहे का?"

"मला वाटलं होतं या वेळी…" एवढंच म्हणून ती थांबली. तिने नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं सांगितलंस, आत्या. तूच एक आहेस जिच्या शब्दावर मी विसंबते."

घरी आले. बरोबर केलं. कुणीतरी करायलाच हवं होतं. सहा वाजायच्या आधीच कप घेतला, कारण अंगाला कापरं सुटलं होतं.

रविवार, १५ ऑगस्ट

आज चॅपलला गेले नाही.

नेरिसने काल त्याला खाणीच्या ऑफिसात फोन करून सांगितलं. तो घरी आला तेव्हा मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होते. त्याने टोपी काढली आणि खुर्चीवर बसला.

"तू सांगितलंस."

"मी सांगितलं."

"मी प्यालो नाही, ताई."

"बुधला कोण पितंय मग? मांजर?"

तो माझ्याकडे पाहत राहिला. तसं त्याने आजवर कधी पाहिलेलं नाही. बाबा जिन्यात पडलेले असायचे तेव्हा आई त्यांच्याकडे असं पाहायची. म्हणाला, "घरात दोनच माणसं आहेत. मी नाही. तुझं तूच बघ."

"मला म्हणतोस? मला? मी शपथ घेतलेली आहे!"

"माहीत आहे. मी पण दोनदा घेतली होती." मग हळूच, "मी आधीच स्पष्ट बोलायला हवं होतं. मला लाज वाटली. तू मला या घरात घेतलंस, आणि तुलाच मी कसं सांगू? सभेला आलीस तर आपोआप कळेल म्हणून मागे लागलो."

मी हातातला बटाटा भिंतीवर मारला. तोंडाला येईल ते बोलले. चोर म्हटलं, बाबांची अवलाद म्हटलं, जशी काही मी दुसऱ्या कुणाची होते. त्याने पिशवी भरली आणि त्याच्या सभेतल्या केनकडे, बॅरी गावाला, निघून गेला. बादली पलंगाखालीच राहिली.

किती निर्लज्ज! चोरी करून मलाच चोर ठरवायची जुनी खोड. मी रडले नाही. रागाने झोप येईना.

बुधवार, १८ ऑगस्ट

नवी पट्टी लावली होती, तो गेला त्याच रात्री. दार आतून बंद होतं. किल्ली माझ्या उशाशी.

पातळी खाली आहे.

पट्टी उन्हाने घसरली असेल. किंवा काच तापून फुगत असेल, दुकानातल्या मुलीला विचारायला हवं.

कप आज जमिनीवर नव्हता. माझ्या पलंगाच्या कडेला, चष्म्याशेजारी होता.

गुरुवार, १९ ऑगस्ट

कपड्यांचा ढीग साचला होता. पाणी येताच धुवायला बसले. एम्रिसचे कपडे धुवायचे नाहीत असं ठरवलं होतं, पण ढिगात त्याचा रविवारचा पांढरा रुमाल निघाला. घडी घातलेला, वाळून कडक झालेला. उलगडला. मधोमध जांभळा डाग, अख्ख्या पेल्याएवढा.

त्याने गिळलाच नव्हता. अंगठ्याएवढ्या पेल्यातला रस, सगळ्या चॅपलसमोर, रुमालात थुंकला होता.

मी हात पुसले. मग उठून फडताळातली त्या दिवशीची उरलेली बाटली काढली. बुचाला नुसता अंगठा लावला तर ते फट्दिशी उडून छताला लागलं आणि फेस माझ्या बाहीवर. वास घेतला. चव घ्यायची गरजच नव्हती.

तो टोप. ती नळी, ते नरसाळं, ते एकच पाणी. यीस्ट त्यातून गेलं आणि त्या उकाड्यात तीन दिवस फडताळात काम करत राहिलं. म्हाताऱ्यांच्या जिभेवर नाचत होतं ते हेच. मी चॅपलला नशा पाजली आणि वर कौतुक करून घेतलं. माझ्या स्वतःच्या पेल्यात तेच होतं, आणि मला फरक कळला नाही. सगळ्या चॅपलात तो एकाच माणसाला कळला, आणि त्याने माझं नाव घेतलं नाही. पुढच्या वेळी मी करतो म्हणाला.

पार्फिटबाई कुंपणापाशी भेटल्या. एम्रिस कुठे आहे विचारत होत्या. "तो गेल्याच महिन्यात मला सांगून गेला होता बाई, की ओल्वेनकडून बाटली घेऊ नका आणि तिला संध्याकाळी एकटी बसू देऊ नका. मी म्हटलं, बायकांच्या गोष्टींत तू कशाला पडतोस? पण तुझा चेहरा बरा दिसत नाही हं, ओल्वेन. खूप दिवस दिसत नाही."

आत येऊन आरशात पाहिलं. हा चेहरा मी ओळखते. आमच्या जिन्यात पडलेला असायचा.

सहा वाजले तेव्हा मी घेणार नव्हते. ठरवलं होतं. साडेसहाला घेतला.

शनिवार, २१ ऑगस्ट

नेरिसला फोन केला. दोन दिवस जमलं नाही. पेटीपर्यंत जायचे आणि रांग पाहून परत यायचे. आज रांग नव्हती. दुपारची वेळ होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं.

म्हटलं, "नेरिस, मी आत्या. मी तुला जे सांगितलं ते खोटं होतं. म्हणजे मला खरं वाटत होतं, पण खोटं होतं. तुझे बाबा एक थेंब प्यालेले नाहीत."

"आत्या, त्यांनी तुला हे बोलायला लावलं का?" तिचा आवाज एकदम कडक झाला. "आई त्यांच्यासाठी असंच बोलायची. दर वेळी."

"त्याला माहीतही नाही. तो बॅरीला आहे." मग मी रुमालाचं सांगितलं, बाटल्यांचं सांगितलं. ती ऐकत राहिली. पैसे संपत आल्याची टिकटिक सुरू झाली, मी आणखी नाणी घातली, एक हातातून खाली पडलं.

"मग पातळी खाली कशी जात होती?" तिने विचारलं. "तूच म्हणालीस ना, रोज कमी होतंय. कोण पीत होतं?"

पेटीत इतकं उकडत होतं की श्वास पुरेना. इथे थांबता आलं असतं. उडून गेली, सांडली, पार्फिटबाईंना दिली, काहीही सांगता आलं असतं आणि तिने मानलंही असतं.

"मी," म्हटलं. "मीच. किती ते मला सांगता येत नाही. रात्रीचं मला आठवत नाही."

 मग अगदी हळू, "आत्या, आत्ता घेतली आहेस?"

"हो. तुला फोन करायचा धीर यावा म्हणून."

ती रडायला लागली. माझ्यासाठी की बापासाठी, मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्कही नव्हता. मग तिने नाक पुसलं आणि केनचा नंबर मागितला. लोइसची पिशवी तिने अजून उपसलेली नाही, पोर्थकॉलला ती जाईल, बाबांना मी आत्ताच फोन करते म्हणाली. मी म्हटलं, बादली घेऊन जायला सांग, पलंगाखाली आहे. तो आणायला येईल तेव्हा मी पार्फिटबाईंकडे जाऊन बसेन, त्याला माझं तोंड बघावं लागू नये.

"तू घरीच थांब," नेरिस म्हणाली. "त्यांना तुझ्याशी बोलायचं असेल." मग जरा थांबून, "पण आत्या, लोइस तुझ्या घरी येणार नाही. नाताळलाही नाही. तुझं हे आहे तोवर नाही. तुला वाईट वाटेल, पण मी बाबांना जे सांगितलं होतं तेच तुला सांगते आहे."

दर नाताळला ती पोर माझ्या मांडीवर बसून केक कालवायची. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, आणि फोन ठेवला.